भगताच्या तांब्यातली निवळी

तानशाजवळच्या आमच्या पाड्यावर त्या सकाळी राघो भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध कमळ, तळव्यांना हळद फासलेली. पुढ्यात भगत, मागे दीर, बाजूला नवरा भगीरथ. उठून जाईल तर कुठून? तळव्यांवर लाल डाग निघाला तर लेकीला इथे ठेवून तिने माहेरी जायचं, हे आधीच ठरलेलं.

निर्मळ बाईची हळद पिवळी राहते, पापिणीची रगत ओकते, आपल्या तांब्यातलं गंगाजळ कधी चुकलं नाही, भगत म्हणाला. पाणी ओतलं. तळवे लाल झाले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

सुरुवात भगीरथच्या ओठाआतल्या मसासारख्या गाठीपासून. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ती काढून तपासली. एचपीव्ही विषाणू निघाला. शरीरसंबंधातून पसरतो, एवढं ऐकून भगीरथचे कान मिटले. बायकोवर संशय धरून त्याने भगताला गाठलं. शेजारीण म्हणून मी सोबत गेले होते, मी पुढचंही ऐकलं. हा विषाणू कधी ना कधी बहुतेकांना होतो, बहुधा आपोआप जातो. पण वर्षानुवर्षं गुपचूपही राहतो. कुणाकडून, कधी आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. भगीरथने तंबाखू सोडावी, पुन्हा दाखवायला यावं, कमळने गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करावी. लेकीला वेळेवर लस द्यावी.

म्हणून भगताच्या अंगणात मी पुढे झाले. भगीरथच्या तळव्याला हळद चोळली, त्याच तांब्यातलं पाणी ओतलं. लाल.

"आता तुला कुठल्या माहेरी धाडू रे?" मी विचारलं.

बायकोचं पाप नवऱ्याला लागलं, असं भगत लगेच म्हणाला.

"मग तुमचा हात आना."

भगताने हात पाठीमागे नेला.

म्हातारी गुणाबाई पुढे आली, तळवा निरखला. "पाय मुरगळला की हळद-चुना लावतो, तोच रंग हाय गो."

तोच होता. भगताची करामत एवढीच: चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी, म्हणजे निवळी, तांब्यात भरायची. दिसते पाण्यासारखीच. घरोघरी लेप कालवणारे आम्ही, अंगणात येताच विसरलो.

भगीरथ सुटल्यासारखा हसला. म्हणाला, "चल घरी."

कमळ उठली नाही. "हात लाल झाला तवा मलाच वाटलं, मी काय केलं का काय. आता पानी खोटं ठरलं म्हनून मी खरी? पानी खरं असतं, न् तरी हात लाल झाला असता, तर? धाडली असती मला माहेरी?"

याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का बघा. आजार झाला तर दोघांनी मिळून दवाखाना गाठा. बाईला अंगणात बसवू नका.