भामाबाईंच्या नावचं रक्त

यंत्रानं हिमोग्लोबिन साडेतीन दाखवलं. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग नळी उजेडात धरली. आतलं रक्त पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखं दिसत होतं.

भोर-वेल्ह्याच्या गावांत लोकांची साखर, चरबी, रक्त कसं बदलतंय, याचा आमचा अभ्यास चालू आहे. भोरमधली त्याची प्रयोगशाळा मी सांभाळते. घरटी एकाचंच नाव चिठ्ठी टाकून निघतं आणि नळीवर नुसता क्रमांक असतो. पण जिवावरचं काही निघालं तर क्रमांकामागचं माणूस गाठायचंच, हा नियम. या क्रमांकामागं निघाल्या भाटघर धरणापलीकडच्या वाडीतल्या भामाबाई. एवढ्याशा रक्तावर माणूस चालता-बोलता कोसळतं. फोन लागेना, तशी मी जीप काढायला लावली. गावोगाव रक्त घेणाऱ्या स्वरूपलाही सोबत घेतलं.

पोचलो तर भामाबाई दारात लाकडं फोडत होत्या. कुऱ्हाडीनं!

मी त्यांची पापणी खाली ओढली. आत लालबुंद. या ठणठणीत, म्हणजे ते रक्त दुसऱ्या कुणाचं तरी, आणि ते माणूस कोण हे आम्हाला ठाऊकच नाही. मी स्वरूपवर तिथंच भडकले.

"मॅडम, नाव पुकारूनच घेतलं," तो म्हणाला.

"तोंड पाहिलंस?"

"गर्दी होती. बाईंनी पदर पुढं ओढलेला. मी हात पाहिला."

धन्य! मी भामाबाईंकडे वळले. त्या माझी नजर चुकवत ढलप्या गोळा करायला लागल्या होत्या.

"मावशी, त्या दिवशी सुई तुम्हालाच टोचली ना?"

"तुमीच म्हनला व्हता, उपाशीपोटी या. म्या पहाटंच च्या प्याले," त्या पुटपुटल्या. "मग नाव वाया जायाला नको म्हनून सुनंला धाडली. ती उपाशीच व्हती. आमच्यात सून समद्यांच्या मागनं जेवती. घरातल्या घरात काय, रगत ते रगतच."

त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं मला. दात आवळून विचारलं, "कुठंय ती?"

"संजीवनी? गवताला गेलीया, वरल्या अंगाला. का वो? काय झालं?"

"तिच्या अंगात रक्तच उरलं नाहीये, मावशी."

ढलप्या टाकून त्या पळत सुटल्या. त्यांच्या मागं आम्ही. चढ असा की माझाच श्वास फुलला. भामाबाई हाका मारत होत्या आणि ओ येत नव्हती. मला राहून राहून तो चढ रोज भारा घेऊन उतरणारी पोरगी दिसत होती.

"लई दिस म्हनत व्हती, दम लागतोय," त्या धापा टाकत बोलल्या. "म्या म्हनलं, कामाचा कंटाळा!"

संजीवनी जांभळीखाली बसली होती. ओठ राखेसारखे. शेजारी बांधलेला भारा. सासूला बघून उठायला गेली नि भेलकांडली.

"आले आत्या. भारा न्हाई उचलत, म्हनून बसले."

"जळू दे तो भारा!" भामाबाई ओरडल्या आणि तिला कवेत घेऊन मटकन खाली बसल्या.

स्वरूपनं तिला पाठीवर घेतलं. जीपमध्ये तिचं मनगट मी हातातून सोडलं नाही. नाडी नुसती धावत होती.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाले, आणखी काही दिवस असेच गेले असते तर हाती लागली नसती. रक्ताच्या पिशव्या मागवल्यात, पण नातलगांनीही द्यायला हवं. तिचा नवरा अजित कापूरहोळच्या ढाब्यावरून निघाला होता, अजून पोचायचा होता.

बाकावर बसलेल्या भामाबाई उठल्या. बाही वर सारून त्यांनी हात नर्सपुढं धरला.

"माजं घ्या."

"तपासावं लागेल, आजी. काही खाल्लंय का सकाळपासून?"

भामाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"भाकर खाल्लीया. आता चालायचं न्हाई का?"

"चालतं मावशी," मी म्हणाले. "रक्त द्यायला पोट भरलेलंच लागतं."

"मंग माजंच घ्या," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "आमच्या घरात पोट भरल्याली मीच हाय."