धान्याचे विलायती डबे

सुगंधाबाईच्या भावाला, भिकनला, चार मुलींच्या पाठीवर मुलगा झाला ते साल सत्त्याऐंशी. बारसं भर वैशाखात अमळनेरला झालं. मांडवाखाली बाया पाळणा म्हणत होत्या, मागे पुरुषांची पंगत बसत होती, आणि तेवढ्यात लोटन अंगणात आला. त्याच्या बगलेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाळासाठी खेळणं आणलं असेल, असं एखाद्या नवख्याला वाटलं असतं. पण तिथं नवखं कोणी नव्हतं. लोटन म्हणजे सुगंधाबाईचा नवरा. तीन वर्षांपूर्वी यानंच तिला धुळ्याच्या एसटी स्टँडवर पत्र्याच्या पेटीसकट आणून सोडलं होतं, हे पंगतीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

पाळण्याचा सूर तुटला. भिकन वरणाची बादली हातात धरून तसाच थांबला नि म्हणाला, “दाजी, रस्ता चुकनात का? तुमनं सासर आते बोदवडले शे.”

माणसं हसली. लोटनही त्यांच्यात हसला, पाट ओढून बसला आणि पोटभर जेवला. त्याला पूर्वीपासून लाज जरा कमीच.

सुगंधाबाई चुलीपाशी पुऱ्या लाटत होती. दारातून तिला त्याची पाठ दिसत होती. हा माणूस एक दिवस येणार, हे ती तीन वर्षं मनाशी धरून होती. आजारी होऊन येईल की अडून येईल, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बगलेतलं गाठोडं पाहिलं आणि तिला कळलं, अडून आलाय. तिनं पुरी तेलात सोडली.

लोटनचं धुळ्यात दुकान होतं. आधी तो स्टो दुरुस्त करी, कंदिलांना डाग देई. एकदा त्यानं जळगावच्या प्रदर्शनात पितळेचं छोटं रेल्वे इंजिन मांडलं. ते मुंबईच्या एका निर्यातदाराच्या नजरेत भरलं आणि धंदा पालटला. विलायतेत म्हणे खात्यापित्या घरची मोठी माणसं खोलीभर रूळ टाकून त्यावर लहान गाड्या चालवतात. त्यांना खेळणं नको असतं. खऱ्या डब्याच्या एका फुटाला इथं सात मिलिमीटर, या मापानं सगळं हुबेहूब लागतं. खऱ्या डब्याला जिथं रिव्हेट, तिथं यालाही रिव्हेट. निर्यातदार विलायतेहून आलेले नकाशे आणून देई, आणि लोटन पितळेच्या पत्र्यातून डबे उभे करी.

लोटन उभे करी, असं लोक म्हणत. लोटन पत्रा कापी आणि शेवटी रंग देई. मधलं सगळं सुगंधाबाईचं. शिशाच्या लादीवर पत्रा उपडा ठेवायचा आणि ग्रामोफोनच्या सुईनं मागून दाबायचा, म्हणजे पुढून मोहरीहून बारीक रिव्हेट उठतं. दाब जास्त झाला की पत्रा फाटतो. कमी झाला की रिव्हेट रंगाखाली बुडून जातं. नंतर तापल्या कैयानं, म्हणजे डाग द्यायच्या दांडीनं, कथील ओढून कोपरे जोडायचे, तेही असे की जोड बोटालासुद्धा कळू नये. निर्यातदार तयार डबा तळहातावर घेऊन म्हणायचा, लोटनभाऊ, काय हात आहे तुमचा. लोटन म्हणायचा, सवय आहे साहेब. सुगंधाबाई चहा आणून ठेवायची. तिला तेव्हा त्यात वाईट काही वाटत नसे. घरचं काम, घरातलं कौतुक.

मग त्र्याऐंशी साली तिचे वडील अंथरुणाला खिळले, आणि ती महिनाभर माहेरी राहिली. परत गेली तर तिच्या बसकुरावर, तिचाच चष्मा लावून, एक परकी मुलगी बसलेली. कुंदा तिचं नाव, माहेर बोदवड. देवळात हार घालून आणली होती. मूलबाळ नाही, हे कारण लोकांना सांगितलं गेलं, आणि लोकांना ते पटलं. लोटन सुगंधाबाईला म्हणाला, तुला कोण हाकलतंय? राहा, हिला रिव्हेट शिकव, दोघी मिळून खा.

ती राहिली. सवतीच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तिनं तिला दाब शिकवला. कुंदा वाईट नव्हती, हात मात्र जड होता. वर्षभरानं ज्या दिवशी कुंदानं डब्याची एक आख्खी बाजू पत्रा न फाटता उठवली, त्याच दिवशी लोटननं सुगंधाबाईची पेटी सायकलला बांधली. स्टँडवर तिकीटसुद्धा त्यानंच काढलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “आते तुन्हं आठे काय काम शे?”

आता इथं तुझं काय काम, या वाक्यावर ती तीन वर्षं जगली. भावाच्या घरी धुणी धुतली, कापूस वेचला, कोणाशी त्याबद्दल बोलली नाही. कोर्टात जा म्हणणारे भेटले, पंचांसमोर बसव म्हणणारे भेटले. तिला त्यातलं काही नको होतं. ज्या कामाला तो आपलं म्हणून मिरवतो, त्याच कामानं त्याचं नाक कापलं गेलं पाहिजे, आणि आपण ते पाहायला जिवंत असलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

पंगत उठल्यावर लोटननं ओट्यावर कापड सोडलं. आतून डबा निघाला. नेहमीसारखा चौकोनी नव्हता. गोऱ्यांच्या देशात धान्य पोत्यांत न भरता मोकळंच रेल्वेत ओततात. वरच्या झाकणांतून ओतायचं आणि पोटाखालची दारं उघडून खाली सोडायचं. त्यासाठी डब्याला आतून चारही बाजूंनी उतार असतो, पेरणीच्या पाभरीला बी ओतायचं नरसाळ्यासारखं चाडं असतं तसा. बाहेरून पेटी, आतून चाडं. लोटन आणि कुंदानं नमुना केला तेव्हा विचार केला, वर छप्पर, खाली दारं, मध्ये कोण डोकावतो? आणि सपाट तळ ठोकून दिला. विलायतेतल्या म्हाताऱ्या साहेबानं झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि नमुना परत पाठवला. कळवलं, यातून धान्य पडणार नाही.

भिकन म्हणाला, मग साहेब त्यात काय दादर भरणार होता की बाजरी?

लोटन त्याच्याकडे न बघता म्हणाला, खरंच भरून बघतात. ऑर्डर मोठी आहे, अशी पुन्हा यायची नाही. मग आवाज खाली आणून सुगंधाबाईला म्हणाला, “तुन्हा बिगर हाई काम व्हत नही.”

सुगंधाबाईनं डबा उचलला. अंगठा एका बाजूवरून फिरवला. निम्मी रिव्हेटं रंगात बुडाली होती. तिनं डबा उलटा केला, झाकणातून आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. आतला उतार बसवला की तो आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये तिकोनी पोकळी राहणार, हे तिला तिथंच दिसलं. एकदा जोडली की ती पोकळी कधीच उघडायची नाही.

“मी येसू,” ती म्हणाली.

भिकन त्या दिवशी तिला नाही नाही ते बोलला. ज्यानं कुत्र्यासारखं सोडलं त्याच्या दारात पुन्हा जाते, तुला जनाची नाही तर मनाची तरी आहे का, म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आणि पेटी भरली.

धुळ्यात तिचं बसकुर तिला परत मिळालं. तिनं जीव ओतून काम केलं, आणि ते खोटं नव्हतं. उतार किती तिरपा हवा हे नकाशावर होतं, तरी तिनं पहिल्या डब्यात राजगिरा ओतून खालची दारं उघडली. दाणे सरसर पडले, पण एका कोपऱ्यात चिमूटभर अडकले. तिनं कोपरा पुन्हा बसवला. दुसऱ्यांदा एक दाणाही मागे राहिला नाही. लोटन टाळी वाजवून हसला नि दारात जाऊन शेजाऱ्याला सांगू लागला की मी उतार कसा साधला बघ.

डाग देताना जोडावर तेजाब लावावं लागतं. तेजाबात जस्ताचे तुकडे विरवून केलेलं ते पाणी, त्याशिवाय कथील पितळेला धरत नाही. पण काम झाल्याबरोबर धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं ते पार धुऊन काढावं लागतं. राहिलं तर आतल्या आत पितळ खातं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तसा पितळेलाच हिरवा कळंक चढतो. आठवडाभरात काही दिसत नाही. दोन-तीन महिन्यांत दिसतं. कुंदाला कामाला बसवलं तेव्हा सुगंधाबाईनं तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

राजगिऱ्याचा पहिला डबा तिनं स्वच्छ धुतला, कारण तो लोटननं उलटापालटा करून पाहिला असता. पुढच्या डब्यापासून तिनं पोकळीत तेजाब जरा सढळ हातानं लावलं आणि न धुता उतार वर बसवला. बाहेरचं सगळं मात्र सोड्यानं घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवलं.

चौथ्या की पाचव्या डब्याला कुंदा तिच्याजवळ बसली होती. ती म्हणाली, “अक्का, हा आतून धुवायचा राहिला.”

“धुतला,” सुगंधाबाई म्हणाली.

कुंदानं पोकळीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. तेजाबाची चव ज्याला एकदा कळली तो ती विसरत नाही. ती बाजूला थुंकली आणि सुगंधाबाईकडे पाहू लागली. सुगंधाबाईचा हात थांबला. लोटन बाहेर रंग ढवळत होता, कुंदानं एक हाक मारली असती तर आत आला असता. सुगंधाबाईची नजर कुंदाच्या उजव्या हाताच्या पाठीवर गेली. तिथं भाजल्याचा जुना वण होता, कैयाच्या टोकाएवढा, तिरपा. हा वण तिनं आल्या दिवशीच पाहिला होता. विचारल्यावर कुंदा म्हणाली होती, काम करताना माझ्याच हातून लागलं. पण कैया धरतात उजव्याच हातात. उजव्या हातातला कैया उजव्याच हाताच्या पाठीला लागत नाही. नमुना विलायतेहून परत आला, त्या दिवशी लोटनच्या हातून तो उठला असणार.

कुंदानं बोट पदराला पुसलं. मग तिनं उताराचा पत्रा स्वतःच उचलला, पोकळीवर नीट बसवला आणि म्हणाली, “द्या तो कैया इकडे. कडा मी ओढते.”

त्यानंतर त्या दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. उरलेले सगळे डबे दोघींनी मिळून बंद केले.

आषाढात माल मुंबईला गेला. निर्यातदार स्वतः आला होता. त्यानं भिंग लावून रिव्हेटं पाहिली, झाकणं उघडून उतार पाहिले, आणि दुकानापुढे जमलेल्या लोकांसमोर म्हणाला की असं काम त्यानं हिंदुस्थानात पाहिलं नाही. लोटन छाती काढून म्हणाला, सगळं एकट्याच्या हातचं आहे साहेब, बायका नुसत्या पुसापुशीला. सुगंधाबाई आतून ऐकत होती. तिला तेच वाक्य त्याच्या तोंडून, इतक्या लोकांत, हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लोटननं तिला एक लुगडं दिलं आणि अमळनेरच्या गाडीत बसवलं. या वेळी ती खिडकीशी बसून हसली.

पावसाळा तिनं वाट पाहण्यात काढला. निंदणीला जायची, ज्वारी निसवली, दादर पेरली गेली, आणि रोज सकाळी ती मनात म्हणायची, आता दर्यावर असतील. आता उतरले असतील. आता कळंक चढला असेल. भिकनची बायको म्हणायची, अक्का आजकाल भाकर थापताना गाणं म्हणतात.

दिवाळी झाल्यावर लोटन आला. त्याच्या हातात एक डबा होता, नुसता, कापड नसलेला. राखी रंग पापुद्र्यांनी उचलला होता आणि प्रत्येक कोपऱ्यातून हिरवं फुटून बाहेर आलं होतं. विलायतेत पेट्या उघडल्या तेव्हा एक डबा सोडून सगळा माल असाच निघाला, आणि निर्यातदारानं लोटनचं तोंड पुन्हा पाहणार नाही असं सांगितलं होतं. लोटन ओट्यावर बसला. त्यानं डब्याचा उतार उचकटून काढला होता. आत पांढरट खार साचला होता. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही, तोही कारागीरच होता.

“आतून धोयं नही तू,” तो म्हणाला.

“नही.”

“जाणीसन?”

“जाणीसन.”

तो डब्यावरून हात फिरवत राहिला. रिव्हेटांची ओळ अजून सरळ होती. “इतलं चांगलं काम नासताना तुले काहीच वाटनं नही?”

“वाटनं,” ती म्हणाली. “म्हणीसन बाहेरथीन एक रिव्हेट चुकू दिन्हं नही.”

तेव्हा तो उठला आणि म्हणाला, मुंबईला जातो, निर्यातदाराला सांगतो, गावभर सांगतो, तुझं नाव घेऊन सांगतो. सुगंधाबाई दारातच उभी होती. लग्नापासून तिनं त्याला तुम्ही म्हटलं होतं.

“जाय, सांग,” ती म्हणाली. “का हाऊ माल मी करेल नही, मन्ही टाकेल बायकोनी करेल शे. इतलंच सांगनं पडी.”

दुकानापुढे, सगळ्यांसमोर, सगळं एकट्याच्या हातचं म्हणून लोटन जे बोलला होता ते त्याला आठवलं असावं. तो डबा काखेत मारून स्टँडकडे निघाला. भिकन मागून म्हणाला, “दाजी, जेवीसन जातात का?” पण त्यानं वळून पाहिलं नाही.

तो मुंबईला गेला नाही. कोणाला काही सांगितलंही नाही. परत आलेले डबे उचकटून त्यानं एकेक सोड्यात उकळले, पण पितळ आतून खाल्लेलं होतं, रिव्हेटं बोटानं चोळली तरी गळून पडत. त्यानंतर विलायतेचा नकाशा त्या दुकानात आला नाही. माघात कुंदा बोदवडला निघून गेली. लोटन पुन्हा स्टो दुरुस्त करू लागला. लोक विचारत, लोटनभाऊ, ते रेल्वेचे डबे का बंद केले? तो म्हणायचा, डोळे गेले. मग कोणीतरी हसत म्हणायचं, हात गेला म्हणा. धुळ्याला बाजाराला जाणारा कोणी भेटला की सुगंधाबाई त्याला हे सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावी आणि कान देऊन ऐके.

लोटन एक्याण्णव सालच्या आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याला वारला. सुगंधाबाई अमळनेरला अठ्ठ्याण्णव साली पोळ्याच्या दिवशी वारली.