ऐकल्यापासून सूतक

नाटेकरांच्या वंशावळीचं काम दमयंतीच्या गळ्यात पडलं ते नवऱ्याच्या मागे. लवूने निवृत्त झाल्यावर हौसेने ते आरंभलं, भावकीतली घरं पालथी घातली, फोनवर एक ग्रुप काढला आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला. ग्रुप मागे राहिला. माणूस गेला म्हणून लोकांच्या शंका थोड्याच थांबतात? रत्नागिरीत माळनाक्यावरच्या दोन खोल्यांत बसून दमयंती आता त्यांची उत्तरं देत होती. कुणाला जातपडताळणीसाठी पणजोबांचं नाव हवं असायचं. ते नेहमीच अर्जंट, आणि नाव मिळालं की माणूस गायब. कुणाला मूळपुरुष किल्लेदार होता असं कुणीतरी लिहून द्यायला हवं असायचं. मूळपुरुष होडीवर होता असं तिने कळवलं की तिकडून दोन दिवस बोलणं बंद.

वैताग आला होता तिला. गुडघे दुखायचे, डोळ्यांना फोनचा उजेड सोसायचा नाही, आणि ज्या झाडाची ती राखण करत होती त्यावर तिचं स्वतःचं नाव नव्हतं. लवूच्या वंशावळीत बायका नव्हत्या, मुली नव्हत्या. कितीदा मनात आलं, सरळ ग्रुप सोडून द्यावा. पण मग लवूचं ते काम आपल्या हातून बुडालं असं होईल, या विचाराने बोट मागे यायचं.

गणपतीला तीन दिवस होते तेव्हा दुपारी एक विचारणा आली. रत्नागिरीच्या माहितीच्या कुठल्याशा मोठ्या ग्रुपवरून फिरत फिरत ती इथवर पोचली होती.

'मी सानवी, राहणार वास्को. माझे पप्पा भागोजी रत्नागिरकर गेल्या महिन्यात वारले. ते तरुणपणी रत्नागिरीकडून इथे ट्रॉलरवर आले. लोक रत्नागिरकर म्हणायचे, तेच आडनाव कागदावर लागलं. गावाचं नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. आमच्या गणपतीच्या माटोळीला ते फळांबरोबर मासेमारीच्या जाळ्याचा एक तुकडा टांगायचे. इथे कुणी तसं करत नाही. ही पद्धत कुठल्या घरातली, कुणाला माहीत आहे का?'

दमयंतीने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

तिला माहीत होतं. तो तुकडा भावकीत एकाच घरात टांगतात, मूळ गावी नाट्याला, सोनूबाईकाकीच्या. दमयंती नवी नवरी होती तेव्हा पहिल्याच गणपतीत तिने विचारलं होतं, "काकी, माटवीवर हे काय?" माटवी, गोव्यातली माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधतात. सोनूबाईने सांगितलं होतं की आंबोळगडापुढे तिच्या नवऱ्याची होडी वादळात फुटली, जाळं गेलं, आणि तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी चालत घरी आला तेव्हा मुठीत तेवढा तुकडा होता. तेव्हापासून तो माटवीला.

दमयंतीच्या लग्नाच्याच वर्षी सोनूबाईचा थोरला मुलगा भागोजी घर सोडून गेला होता. वैशाखात दमयंतीच्या वरातीपुढे बत्ती घेऊन चालला, आणि पावसाच्या तोंडावर बापाने बंदरावर चारचौघांत हात उचलला म्हणून जो गेला तो गेलाच. बारा वर्षांनी भावकीने विधी करायला सांगितला, पुतळा करून अग्नी द्यायला. सोनूबाईने कुणाला अंगणात उभं केलं नाही. पुढे बाप वारला तरी ती बधली नाही. लवू वंशावळीसाठी गेला तेव्हा म्हणाली, "त्येच्या म्होरं काय लिवू नको. रिकामा ठेव." ते अजून रिकामं होतं.

दमयंतीने सानवीला फोन लावला. मुलगी सरळ होती, आवाज रडून बसलेला.

"जाळं ते कशाने बांधायचे गं?"

"केळीच्या सोपाने. सुतळी चालायची नाही पप्पांना. आणि गाठ मारायची नाही, नुसता पीळ द्यायचा. दरवर्षी पडायचं, आणि दरवर्षी आम्ही भांडायचो."

दमयंतीने डोळे मिटून घेतले. सोनूबाईच्या घरात हेच चालायचं. गाठ मारली की समुद्रावरचा माणूस तिकडेच अडकतो, असं ती म्हणायची.

तिने मुलीला सांगितलं की मी चौकशी करून कळवते. मग ती बसून राहिली. मेल्याची बातमी कानावर आली की भावकीतल्या माणसाने उठून डोक्यावरून पाणी घ्यायचं. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर ऐकल्यापासून तीन दिवस सूतक. तिने आंघोळ केली नाही. अजून खात्री कुठे झालीय, अशी स्वतःची समजूत घातली. खात्री झाली होती. पण तिला उठवतच नव्हतं.

रात्रभर घोळवून सकाळी तिने नाट्याला दादूला फोन केला. दादू तिचा चुलत दीर, भावकीतला वडीलधारा, कुठल्या घरी आधी आरती आणि कुणाला किती सूतक हे ठरवणारा.

"दादूभावोजी, आपल्या सोनूकाकीच्या भागोजीभावोजींची..."

"थांब! म्होरं बोलू नको."

"अहो पण ऐका तरी..."

"ऐकतंय कशाला? चांगली असल तर इसर्जनानंतर सांग, वायट असल तर इसर्जनानंतरच सांग. पोरं मुंबयवरनं रजा टाकून निगालीत. गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवून तयार. मी आता काय ऐकलंय? काय नाय. ऐकलंच नाय तर सूतक कसला?"

"काकी महिनाभर पेजेवर आहे, भावोजी. तिचं काय सांगता येतं?"

"तुला काय करायचा ता कर. माज्या कानावर घालू नको," असं म्हणून दादूने फोन ठेवला.

दमयंतीला संताप आला, आणि त्याहून जास्त थकवा. दादू लबाड नव्हता. वर्षाचा एक सण, आणि त्यासाठी सगळी घरं पुसून सारवून बसलेली. एका वाक्याने ती सगळी बंद पडली असती, आणि ते वाक्य तिच्या तोंडात होतं. लवू असता तर त्याने निभावलं असतं. लवूला अशा वेळी मरायला बरं सुचलं, असं तिच्या मनात आलं आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, ती नाट्याच्या गाडीत बसली. एरवीही ती गणपतीला काकीकडेच जायची. पावस गेलं, आडिवरं गेलं, सगळीकडे भात पोटरीला आलेलं आणि गाडी हार-फुलांच्या पिशव्यांनी भरलेली. वाटभर ती एकच गोष्ट घोकत होती: आधी मुलीचं सांगायचं. नात सापडली म्हणून सांगायचं. काकीला तेवढा आनंद होऊ द्यायचा, बाकीचं विसर्जनानंतर.

सोनूबाई पडवीत बसून केळीचे सोप सोलत होती. नव्वदीला टेकलेली, हातांच्या नुसत्या काड्या झालेल्या, पण सोप मात्र दोऱ्यासारखे निघत होते. धाकटा मुलगा गुरुप्रसाद बागेवर राखणीला असायचा. तो आणि सून दर्शना, दोघं पोरांना घेऊन शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, गणपती आणायला गेले होते. त्या घरातलं आता कुणी समुद्रावर जात नव्हतं. तरी दरवर्षी तुकडा बांधला जायचा.

"ये गो दमू. किती वाळलीस. जेवलीस काय?"

"जेवले, काकी." ती जेवली नव्हती. पिशवी खाली ठेवून ती शेजारी बसली. "काकी, एक पोरगी सापडलीय. तुमची नात."

"माजी नात हरावली कवा?"

"गुरूभावोजींची नव्हे. भागोजीभावोजींची. सानवी तिचं नाव. गोव्यात असते, वास्कोला."

सोनूबाईचे हात थांबले. दमयंतीने घाईघाईने फोन काढून मुलीचा फोटो पुढे धरला. म्हातारीने तो हातभर लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"नाक माज्या सासूचा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की दमयंतीला वाटलं, जमलं. आता इथेच थांबावं.

"वास्को म्हंजे एका दिसाची वाट," सोनूबाई म्हणाली. "एका दिसाची. तुला कशी गावली ती?"

"तिनंच ग्रुपवर विचारलं होतं. माटवीला जाळं टांगतात ते घर कुठलं म्हणून."

सोनूबाईने फोन अलगद खाली ठेवला.

"ती कशाला इचारते?" तिने हळूच विचारलं. "तो हाय ना सांगायला?"

दमयंतीने मान खाली घातली. आपण सत्तर ठिकाणचे मेलेले शोधून दिले आणि या एका बाईला तिचा मुलगा गेल्याचं असं, तिच्याच प्रश्नातून कळवलं, याची तिला लाज वाटली.

सोनूबाईने समोरचे सोप उचलून ठेवले नाहीत. नुसते पाय आवरून घेतले, सोपांना पुन्हा हात लागणार नाही असे, आणि खांब धरून उठली. घराला वळसा घालून ती विहिरीकडे गेली. दमयंती मागोमाग धावली. म्हातारीने पाण्याने भरलेल्या बादलीत तांब्या बुडवला आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतला. एक, मग दुसरा. रडली नाही. तोंडाने काहीतरी म्हणत होती. भागोजीचं लहानपणीचं नाव असावं.

"तू कवा ऐकलंस?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं.

"परवा."

"न्हालीस?"

"नाही."

"मग ये हिकडं."

"काकी, मी..."

"भावकीतली नाय काय तू? ये. एकटीनं किती ओतू?"

दमयंती पुढे होऊन दगडावर बसली. पाणी गार होतं, मानेवरून पाठीत उतरलं, आणि ती रडायला लागली. भागोजीसाठी, ज्याची तिला फक्त बत्ती आठवत होती, लवूसाठी, आणि एवढ्या वर्षांत तिला या घराण्यातली म्हणून कुणी असं पाण्याखाली धरलं नव्हतं म्हणूनही. सोनूबाई तिच्या डोक्यावर तांब्या धरून उभी होती.

लुगडी बदलून दोघी पडवीत बसल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, "गुरूला बोलू नको. पोरांनी वरीसभर वाट बघितलीय. इसर्जन झाला की मी सांगेन. ऐकतील तवा त्यांचा सूतक." दादूचंच म्हणणं होतं ते, पण आता दमयंतीला त्याचा राग आला नाही.

संध्याकाळी तिने फोनमधली वंशावळ उघडली. भागोजीच्या पुढची रिकामी जागा भरली आणि त्याच्या खाली सानवीचं नाव लिहिलं. मुलगी असली तरी लिहिलं.

चतुर्थीला सकाळपासून घरात गडबड उडाली. दोघी पडवीतल्या बाकावर बसून होत्या. दर्शना तिसऱ्यांदा बाहेर आली.

"आई, आत या की. दरवर्षी तुकडा तुम्हीच बांधता."

"गुडघे धरलेत. तूच बांद."

"वयनी, तुम्ही तरी या."

"माझेही धरलेत," दमयंती म्हणाली.

"दोघींचे एकदम?" दर्शना हसत आत गेली.

आरतीसाठी दादू आला. पायरीवर त्याने चपला काढल्या, पडवीत आतल्या दाराकडे पाठ करून बसलेल्या दोघींकडे पाहिलं, त्यांच्या न विंचरलेल्या केसांकडे पाहिलं. सोनूबाईच्या समोर जरा वेळ हात जोडून उभा राहिला, गणपतीला जोडावे तसे नव्हे, आणि खाली मान घालून आत गेला.

आतून दर्शनाचा आवाज आला. दरवर्षीची तक्रार या वर्षी तिची होती.

"आई, हा तुकडा राहत नाही हो. पीळ सुटतोय सारखा. गाठ मारू काय?"

बाहेर, माडांच्या पलीकडे, खाडीचं तोंड दिसत होतं. सोनूबाईने तिकडे पाहिलं. दमयंतीने तिचा हात धरला.

"मार," सोनूबाई म्हणाली. "आता मार गाठ."