सम्राटाच्या वाडग्यावरचं नाव

अमेरिकेतल्या कॅरीत आठ वर्षं काढल्यावर शंतनू पिंपळापुऱ्याकडे ग्रीन कार्ड होतं, दोन गाड्या होत्या, चार बेडरूमचं घर होतं. कमी होती ती फक्त अभिरुचीची. तीही त्याला कुणाचं तरी घरसामान विकायला काढलेल्या एका एस्टेट सेलमध्ये जुन्या टोस्टरच्या शेजारी मिळाली. चिनी मातीचा पातळ वाडगा, बाहेरून गुलाबी शेवंती आणि बुडाशी निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं. महिनाभर नेटवर डोकं खुपसून त्याने जाहीर केलं की ही अक्षरं खुद्द सम्राटाच्या नावाची आहेत आणि वाडगा राजवाड्यातला आहे.

तेव्हापासून तिथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं घराच्या मॉर्गेजबद्दल बोलत आणि हा वाडग्यावरच्या चकचकीत लेपाबद्दल, म्हणजे ग्लेझबद्दल. वाडगा त्याला विकायचा मुळीच नव्हता. तो म्युझियममध्ये जावा आणि खालच्या कार्डावर ‘शंतनू पिंपळापुरे यांच्या संग्रहातून’ असं छापलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं. ऑफिसात आठ वर्षं ‘शॉन’ म्हणवून घेतलेल्या माणसाची ही भूक अगदी खरी होती, तिला हसू नये. तो ग्लेझबद्दल बोलायला लागला की मात्र हसू आवरत नसे.

अखेर गावातल्या छोट्या म्युझियमच्या क्युरेटरबाईंनी त्याला बोलावलं. वाडगा टॉवेलात गुंडाळून तो गेला. बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अस्सल आहे.” शंतनूचे डोळे भरून आले. मग बाईंनी वाडगा उलटा केला.

“आणि हे काय आहे?”

सम्राटाच्या सहा अक्षरांखाली ठसठशीत देवनागरीत कोरलं होतं: सौ. सुलभा पिंपळापुरे, नागपूर.

“माझ्या आईचं नाव,” एवढं सांगून तो निघाला; घरी कसा पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आई कोथिंबीर निवडत होती.

“आई, हे काय केलंस?”

“अरे, मंडळाच्या गणपतीत कोशिंबीर नेली होती ना त्यातून. मागच्या खेपेला तिथे एकीचं पातेलं गेलं ते गेलंच. म्हणून तू आणून दिलेल्या मशीननं नाव घातलं.”

ते कोरायचं मशीन स्टीलच्या डब्यांवर नाव घालायला म्हणून आईच्या हट्टापायी त्यानेच हार्डवेअरच्या दुकानातून आणलं होतं.

“आई, हा सम्राटाचा वाडगा आहे!”

“मग? त्यानंही नाव घातलंच आहे की. त्याच्याकडेही पंगती उठत असतील.”

दोन दिवसांनी क्युरेटरबाईंचा फोन आला. त्या प्रदर्शन मांडत होत्या ते नेमकं वस्तूंवरच्या मालकांच्या खुणांचं. “मालकिणीनं आपल्या रिवाजाप्रमाणे नाव कोरलं असेल तर तो इतिहास,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणी चुकून कोरलं असेल तर ते नुकसान, आणि खराब झालेली वस्तू आम्ही मांडत नाही. वाडगा नक्की कोणाचा?”

तोंडाशी आलेलं स्वतःचं नाव शंतनूने गिळलं. फार जड गेलं ते.

“आईचा,” तो म्हणाला.

उद्घाटनाला सगळं मंडळ लोटलं. काचेच्या पेटीत वाडगा उपडा ठेवला होता, नाव दिसावं म्हणून. कार्डावर आईचं पूर्ण नाव, नागपूरसकट, आणि एकही चूक नाही. मंडळी सुलभाकाकूंबरोबर फोटो काढून घेत होती. नवा सूट घातलेला शंतनू कॅमेरा धरून उभा होता.

गर्दी ओसरल्यावर आई पेटीजवळ गेली, चष्मा सारखा करून तिने वाडगा निरखला आणि मग लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

“खाली थोडी जागा आहे रे,” ती हळूच म्हणाली. “तुझंही घालू का? मशीन पर्समध्येच आहे.”