मी आवळतो म्हणे!

मी कानांच्या दवाखान्यातला हेडफोन बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर नुसतं टुंई टुंई करतोय. आता जीव अगदी मेटाकुटीला आलाय हो.

गाणी ऐकवायचं काम मिळालं असतं तर मजा होती. पण माझ्या नशिबी ही जाड दाराची खोली. आवाज आला की पेशंटने बटण दाबायचं, काचेपलीकडे तपासणाऱ्या ताईंनी कागदावर खूण करायची. आजोबा मंडळी तर ऐकू न येताही बटण दाबत सुटतात. सुनेसमोर हार कोण मानणार! आणि जाताना सगळे मलाच नावं ठेवतात, "फार आवळतो बुवा हा."

एकदा एक आई चिमुरडीला घेऊन आली. पोरीला उजव्या कानाने अचानक ऐकू येईना.

"सर्दीने दडे बसले असतील," आई म्हणाली. "हल्ली नुसती लोळत असते. आळशी झालीय."

डाव्या कानाला पोर बरोबर बटण दाबत होती. उजव्या कानात मी जीव तोडून ओरडलो, पण तिचं बोट हललंच नाही. ताईंनी मला काढलं, तर कानाशेजारी निळा डाग.

"मेल्या, किती आवळतोस!" म्हणत त्यांनी मला पार सैल केलं आणि आईला आठवड्याने परत बोलावलं.

पोर परत आली तेव्हा डाग जांभळा झाला होता. माझा वळ तर माणूस घरी पोचेपर्यंत जातो! ताईंनी तिची बाही वर सारली. हातावर आणखी डाग.

"कुठे पडली होती का?"

"नाही हो. कुठून येतात, देव जाणे."

ताईंचा चेहरा उतरला. "कानाचं राहू द्या. आधी रक्त तपासा, आजच. मी डॉक्टरांना फोन करते."

रक्ताचा कर्करोग निघाला; हातावर डाग उठत होते, तसाच कानाच्या आतही रक्तस्राव झाला होता. दर वेळी असं नसतं, उगाच धसका घेऊ नका. पण मुलाला अचानक ऐकू येईना झालं, तर दडे म्हणून सोडूनही देऊ नका. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण मूल तपासायला आणा.

पुढे बरेच महिने मी खुंटीवर लटकून दाराकडे बघत होतो. परवा ती आली. डोक्यावर टोपी, अंगावर नावाला मांस, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. मी तिच्या उजव्या कानात पुन्हा ओरडलो. काही नाही. ताईंना ते आईला सांगवेना.

"जाऊ दे हो ताई, एक कान गेला तर गेला," आई म्हणाली, "पोर राहिली ना माझी!"

"काय म्हणालीस, आई?" पोरीने विचारलं.

आई उठली, तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, "चल, घरी जाऊया."