खलबत्त्यातली गुलाबी पूड

"ही गोळी माणसासाठी केलीय की बैलासाठी?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी त्यांच्या पाठीशी उशी सारत होते.

"हळू बोला आई. मी गोळ्यावाल्यांचंच मीठ खाते."

त्या हसल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि घरात नेहमीची धावपळ झाली. नवऱ्याने पंखा बंद केला. मी भाजीतल्या मिरचीला नावं ठेवली. भाजीत मिरची नव्हतीच.

मी औषधाच्या कारखान्यात काम करते. ज्यांना गिळणं जड जातं त्यांच्यासाठी आम्ही जेली बनवतो, गोळी तिच्यात गुंडाळून घशाखाली सरकावी म्हणून. जेली पातळ झाली तर श्वासनलिकेत शिरते, घट्ट झाली तर घशाला धरून बसते. चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला: गिळताना त्रास होतो का? घरी मात्र तो माझ्या तोंडून फुटत नव्हता. सासरे गिळण्याच्या याच दुखण्यात गेले. तेव्हापासून त्याचं नाव या घरात कुणी काढत नाही.

त्या दुपारी आई खुर्चीवरून उठल्या आणि भेलकांडल्या. मी धरलं म्हणून निभावलं. असं आठवडाभर चाललं होतं आणि आम्ही ते उन्हाच्या माथी मारत होतो. त्यांना निजवून मी भांडी घासायला घेतली, तर खलबत्त्याच्या तळाशी गुलाबी पूड.

"अहो, आईंची रक्तदाबाची गोळी कुटता तुम्ही?"

"मधातून देतो. पटकन जाते," नवरा म्हणाला. चोरी पकडल्यासारखा नाही, शाबासकी मागितल्यासारखा.

"ती दिवसभर हळूहळू विरघळायची गोळी आहे. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. भोवळ त्याचीच."

त्याने खलबत्ता माझ्या हातातून घेतला. "अगं, मग मीच आईला…"

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. आईंच्या खाटेशी बसून डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. त्यांनी रक्तदाब मोजायला लावला, पुढची गोळी थांबवली, मग विचारलं, "पण कुटायची वेळ का आली?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी उशीच्या अभ्र्याकडे.

"आईंना तिची चव…" मी सुरू केलं. इतकी वर्षं लोकांना विचारत आले, आणि स्वतः उत्तर द्यायची वेळ आली तर हे.

आईंनी डोळे न उघडताच माझ्या हातातला फोन स्वतःकडे ओढला.

"डॉक्टर, मला गिळता येत नाही," त्या म्हणाल्या. "पाणीसुद्धा. ह्यांचं झालं होतं, तसंच."