शिंप्याच्या बाहीचं बटण

मी लढाऊ विमान बोलतोय. शुद्धलेखनाच्या चुका असतील, शब्द साधे असतील, तेवढं पोटात घाला. माझी अक्षरओळख अंगावर लिहिलेल्या सूचनांपुरतीच. ‘इथे पाय देऊ नका’, ‘धोका’, ‘हात लावू नका’. असल्या बाराखडीवर वाढलेला जीव संशयी होणार नाही तर काय?

जन्म कारखान्यातला. पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे, आणि एकानं स्क्रू पिळला की दुसरा येऊन तो तपासणार. पुढे तळावर आलो, तिथेही तेच. माझी देखभाल करणाऱ्या मिस्त्रींच्या पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची खाच आहे. एक जरी खाच रिकामी दिसली तरी मी जागचा हलत नाही. आत सुटी वस्तू राहिली आणि मी उलटा झालो, तर ती कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही.

युद्ध मी अजून पाहिलेलं नाही. हवाई प्रदर्शनं मात्र पुष्कळ पाहिली. लोक दोरीपलीकडून बोटं दाखवतात. एकानं तर मायलेज विचारलं होतं.

यंदा माझ्या वैमानिक बाईंचे वडील आले. ते शिंपी. दुसऱ्या दिवशी बाई मला गर्दीसमोर उलटं करून उडवणार होत्या. त्यावरून घरात धुसफूस झालेली असावी, कारण बाप-लेक फक्त हवापाण्याचंच बोलत होते. मिस्त्रींनी वडिलांना शिडीवर चढवलं. त्याआधी घड्याळ, चष्मा, खिशातली टेप, सगळं ट्रेमध्ये ठेवून घेतलं. आत काही पडलं तर ते सापडेपर्यंत विमान उडत नाही, हेही सांगितलं.

“टाचणी पडली तरी?”

“टाचणी पडली तरी, काका.”

हे विचारणं मला आवडलं नाही. काकांनी आत वाकून आसनाची शिवण अंगठ्यानं चाचपली. मग बाही तोंडाशी नेऊन खोकल्यासारखं केलं. दातांत दोरा तुटल्याचा आवाज आला आणि काहीतरी हलकं माझ्या आसनाखाली घरंगळत गेलं. काका शिडी उतरले, चष्मा लावला आणि विमान छान आहे म्हणाले.

संध्याकाळभर माझ्या मनात एकच. हा बाप आहे की वैरी? मला ओरडता येत नाही. मिस्त्रींनी पेटी तपासली, सगळ्या खाचा भरलेल्या होत्या. ते निर्धास्त घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाई हेल्मेट घेऊन माझ्याकडे येत होत्या, तेवढ्यात काका धापा टाकत दोरीशी पोचले. काल बाहीचं बटण आत पडलं असावं, असं मिस्त्रींना खालच्या आवाजात म्हणाले. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. माझं उड्डाण रद्द झालं, आसन बाहेर निघालं. बाई ज्या दांड्यानं मला वळवतात, त्याच्या पार बुडाशी बटण सापडलं.

बाईंनी ते तळहातावर घेतलं.

“बाबा, तुम्ही शिवलेलं बटण आजवर कधी तुटलंय?”

काका बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तू उलटी लटकलेली मला बघवत नाही गं.”

“आणि तुम्हाला यायला उशीर झाला असता तर?”

“उजाडल्यापासून गेटवरच उभा होतो. आत सोडत नव्हते.”

मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “उद्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. उद्या मी उडणार आहे. उद्या काय टाकणार?”

काकांनी बिनबटणाची बाही वर दुमडली.

तुमच्यापैकी कुणी कधी माझी शिडी चढलात, तर एवढी विनंती आहे. भांडायचं असेल ते खाली उभं राहून भांडा, मोठ्यानं भांडा. खिसे मिस्त्री रिकामे करून घेतात. मनातलं त्यांच्या ट्रेमध्ये येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उडालो. बाईंनी मला उलटं केलं तेव्हा मी कान देऊन होतो. काही घरंगळलं नाही. गर्दीवरून जाताना सगळे चेहरे वर वळलेले दिसले, पण दोरीशी एक पाठ माझ्याकडे होती. मला पुन्हा संशय आला. उतरून जवळ गेलो तेव्हा कळलं. आकाशाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून काका लोकांच्या चेहऱ्यांवरून लेकीची खबर घेत उभे होते. माझं इंजिन थांबलं तरी ते वळेनात. शेवटी मिस्त्रींनी त्यांना खांद्याला धरून वळवलं.